चालवील त्याची गाडी

बाजारात नवी वस्तू आली आणि ती अपुरी पडू लागली की रांग लागते. रांग दिसायला समतेची असते. जो आधी आला तो पुढे आणि जो मागून आला तो मागे, असा तिचा नियम सांगितला जातो. परंतु रांगेत पुढे कोणी उभे राहायचे हे ठरवणारी व्यवस्था रांग लागण्याच्या आधीपासूनच काम करीत असते, हे या देशातील दलित-बहुजनांना कोणी शिकवायला नको. पाणवठ्यापासून रेशनच्या दुकानापर्यंत त्यांनी ते पिढ्यानपिढ्या भोगले आहे. लायसन्स-परमिटच्या काळात स्कूटर नोंदवून सामान्य नोकरदार वर्षानुवर्षे वाट पाहत बसे. परदेशातल्या नातेवाईकाकडून डॉलर मिळवू शकणाऱ्याला मात्र तीच स्कूटर लवकर मिळे आणि ज्याच्या खिशात पैसा खुळखुळतो तो वर 'ऑन' मोजून ती घेई. म्हणजे रांग सर्वांसाठी नव्हतीच. ज्याच्याजवळ दुसरा मार्ग नाही, त्याच्यासाठीच ती होती.

गेल्या पंचवीस वर्षांत हायब्रिड आणि विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या बाबतीत जगभर हेच घडत आले आहे. गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपन्या या नव्या गाड्यांचे ताफे उभे करतात आणि एकटादुकटा ग्राहक नोंदणीची पावती घेऊन बसून राहतो. ज्यांच्या घरात सायकल नाही त्यांनी मोटारींची चर्चा कशाला करायची, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या वस्त्यावस्त्यांतील हजारो तरुण आज टॅक्सी, रिक्षा आणि ॲपच्या गाड्या चालवून घर चालवतात. त्यांच्यासाठी मोटार ही चैन नाही, रोजीरोटीचे साधन आहे. आणि साधन कोणाच्या मालकीचे, हा आंबेडकरी चळवळीचा जुनाच प्रश्न आहे. म्हणून या विषयाची उलटतपासणी करणे आवश्यक आहे.

या कहाणीची सुरुवात अमेरिकेत झाली. टोयोटा कंपनीने प्रियस ही हायब्रिड मोटार डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये आणली आणि २००० साली ती अमेरिकेत विकायला काढली. हायब्रिड म्हणजे पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी. ब्रेक दाबताना जी शक्ती वाया जाते ती या गाडीच्या बॅटरीत साठवली जाते आणि पुढे गाडी ओढायला वापरली जाते. त्यामुळे शहरातील गर्दीत, जिथे पावलोपावली थांबावे लागते, तिथे हिची पेट्रोलची बचत सर्वांत जास्त. २००३ च्या अखेरीस तिची दुसरी आवृत्ती आली आणि मागणी एवढी वाढली की काही ठिकाणी ग्राहकांना सहा-सहा महिने थांबावे लागले. विक्रेते छापील किमतीच्या वर पैसे मागू लागले. आपल्याकडचा 'ऑन' तिकडेही होताच. कमतरतेचे एक मोठे कारण बॅटरीचे होते. तिचे उत्पादन मोजक्या कारखान्यांच्या हाती होते आणि ते एका रात्रीत वाढवता येत नव्हते.

२००६-०७ च्या सुमारास अमेरिकेतील भाड्याने मोटारी देणाऱ्या बड्या कंपन्या या बाजारात उतरल्या. हर्ट्झ कंपनीने 'ग्रीन कलेक्शन' नावाने कमी पेट्रोल खाणाऱ्या गाड्यांचा विभाग सुरू केला आणि २००७ साली हजारांच्या संख्येने प्रियस ताफ्यात घ्यायचे जाहीर केले. एव्हिस, एंटरप्राइज याही कंपन्या मागे राहिल्या नाहीत. त्या वर्षी पुरवठा थोडा सुधारला होता आणि अमेरिकेत सुमारे १ लाख ८१ हजार प्रियस विकल्या गेल्या. पण २००८ च्या उन्हाळ्यात कच्चे तेल पिंपामागे १४७ डॉलरवर गेले, पेट्रोल गॅलनला ४ डॉलरच्या वर गेले आणि पुन्हा टंचाई आली. जुन्या प्रियसला नव्या गाडीइतका भाव येऊ लागला. एकूण विक्रीत ताफ्यांचा वाटा लहान होता, हे मान्य केले पाहिजे. प्रश्न वाट्याचा कमी आणि अटींचा अधिक आहे. कंपनी एकदम शेकडो-हजारो गाड्यांचा करार करते, तिचे पैसे बँक पुरवते आणि गाड्या केव्हा मिळणार हे करारात लिहिलेले असते. एका गाडीसाठी आलेला माणूस विक्रेत्याच्या दारात उभा राहतो आणि विक्रेता सांगेल ती तारीख व सांगेल तो भाव त्याला ऐकावा लागतो.

सरकारी सवलतीचेही तसेच झाले. अमेरिकेच्या २००५ च्या ऊर्जा कायद्याने हायब्रिड घेणाऱ्याला आयकरात सूट दिली. प्रियसला ती ३,१५० डॉलर होती. मात्र प्रत्येक उत्पादकाच्या ६० हजार गाड्या विकल्या गेल्या की ही सूट टप्प्याटप्प्याने कमी करायची, अशी अट घातली गेली. गाडी कंपनीने घेतली की शिक्षकाने घेतली, हे ही मर्यादा मोजताना पाहिले जात नव्हते. टोयोटाने ही मर्यादा २००६ च्या मध्यालाच गाठली. ऑक्टोबर २००६ पासून सूट निम्मी झाली आणि ऑक्टोबर २००७ पासून संपली. परिणाम असा की, ज्याच्याजवळ आधीपासून पैसा तयार होता त्याने सूट घेतली. ज्याने पैसे जमवायला दोन वर्षे घेतली, त्याचा नंबर लागेपर्यंत सरकारची तिजोरी बंद झाली होती. गरजू माणूस नेहमीच उशिरा पोहोचतो, कारण त्याला मुळात दुरून निघावे लागते. हे लक्षात न घेता आखलेली कोणतीही सवलत शेवटी सधनांच्याच पदरात पडते.

आता मूळ प्रश्न असा की, भाड्याच्या कंपन्या हायब्रिड का घेतात? पेट्रोल वाचावे म्हणून? मुळीच नाही. भाड्याच्या गाडीत पेट्रोल भाडेकरू भरतो, कंपनी भरत नाही. कंपनी पाहते ती दोनच गोष्टी. या गाडीला दिवसाचे भाडे किती जास्त मिळेल, आणि वर्ष-दोन वर्षांनी ती विकताना किती पैसे परत येतील. प्रियसची टंचाई होती म्हणूनच तिचा जुना भाव चढा होता, आणि जुना भाव चढा होता म्हणूनच ती ताफ्यात ठेवणे फायद्याचे होते. म्हणजे ज्या टंचाईत सामान्य ग्राहक भरडला जात होता, तीच टंचाई कंपनीच्या गुंतवणुकीची हमी ठरत होती. पर्यावरणाचे हिरवे फलक त्यावर नंतर लावले गेले.

या म्हणण्याचा पुरावा न्यूयॉर्क शहराने दिला. मे २००७ मध्ये महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी जाहीर केले की, शहरातील सुमारे १३ हजार पिवळ्या टॅक्सी २०१२ पर्यंत हायब्रिड होतील. टॅक्सी दिवसभर शहरात फिरते, तेव्हा हायब्रिडचा सर्वांत मोठा फायदा तिलाच. मग विरोध कोणी केला? टॅक्सींचे ताफे बाळगणाऱ्या मालकांनी. ते न्यायालयात गेले आणि ३१ ऑक्टोबर २००८ रोजी संघीय न्यायालयाने शहराचा नियम रोखला. इंधनाचे नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे, असे त्याचे कायदेशीर कारण होते. पण आर्थिक कारण उघड होते. तिथे चालक मालकाकडून पाळीच्या भाड्याने टॅक्सी घेतो आणि पेट्रोल स्वतःच्या खिशातून भरतो. पेट्रोल वाचले तर फायदा चालकाचा, आणि महाग गाडीचा खर्च मालकाचा. मग मालक कशाला तयार होईल? त्या टॅक्सींच्या चाकामागे बसलेल्यांत पंजाबी, बांगलादेशी, पाकिस्तानी अशा आपल्याच उपखंडातील कष्टकऱ्यांचा मोठा भरणा आहे. बचत ज्याची होणार त्याच्या हाती गाडी नाही, आणि गाडी ज्याच्या हाती त्याला बचतीशी देणेघेणे नाही. सगळ्या प्रश्नाचे मर्म या एका ठिकाणी आहे.

पुढचा अंक २०२१ साली घडला. मे २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केलेली हर्ट्झ कंपनी २०२१ च्या मध्याला त्यातून बाहेर आली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तिने टेस्लाच्या १ लाख विजेच्या गाड्या घेणार असल्याचे जाहीर केले. त्याच दिवशी टेस्लाचे बाजारमूल्य १ लाख कोटी डॉलरच्या पलीकडे गेले. त्या काळात सामान्य ग्राहक टेस्लासाठी महिनोन्‌महिने थांबून होता. टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनी, करारावर अजून सही झालेली नाही आणि हर्ट्झला भावात सूटही नाही, असा खुलासा केला. परंतु घोषणेचा लाभ व्हायचा तो शेअर बाजारात होऊन गेला होता. त्याच आठवड्यात हर्ट्झने उबरच्या चालकांना ५० हजारांपर्यंत टेस्ला भाड्याने द्यायची योजना मांडली. भाडे आठवड्याला ३३४ डॉलरपासून. विमा आणि देखभाल त्यात धरलेली होती, हे खरे. तरीही वर्षाचा हिशेब १७ हजार डॉलरच्या वर जातो. वर्षभर एवढे पैसे भरूनही चालकाच्या नावावर गाडीचा एक नटबोल्टसुद्धा होत नाही.

मग जानेवारी २०२३ मध्ये टेस्लाने नव्या गाड्यांच्या किमती मोठ्या प्रमाणात उतरवल्या. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव कोसळतो. त्यात टेस्लाच्या दुरुस्तीचा खर्चही कंपनीच्या अंदाजाबाहेर गेला. जानेवारी २०२४ मध्ये हर्ट्झने सुमारे २० हजार विजेच्या गाड्या विकायला काढल्या, नंतर हा आकडा ३० हजारांवर नेला, आणि मार्चमध्ये कंपनीच्या प्रमुखाने पद सोडले. विकायला काढलेल्या टेस्ला २०-२५ हजार डॉलरला मिळू लागल्या. ज्या चालकाने दीड वर्ष आठवड्याचे भाडे भरले, त्याने जवळपास या गाडीएवढे पैसे मोजले होते. तेवढ्याच पैशाचे कर्ज त्याला आधी मिळाले असते तर तो आज मालक असता. रांगेत ज्याला पुढे उभे केले त्याला ती गाडी दोन-अडीच वर्षेही सांभाळता आली नाही. ज्याला मागे ठेवले त्याने ती दहा-पंधरा वर्षे वापरली असती.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतात सप्टेंबर २०२२ मध्ये टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा या हायब्रिड गाड्या आल्या. डिसेंबर २०२२ मध्ये इनोव्हा हायक्रॉस आली. तिच्या हायब्रिड आवृत्तीची किंमत सुरुवातीलाच २४ लाखांच्या वर होती. तरीही मागणी अशी की, वरच्या श्रेणीच्या गाडीची नोंदणीच एप्रिल २०२३ मध्ये कंपनीला थांबवावी लागली. कराच्या बाबतीत हायब्रिडला वेगळी सवलत नव्हती. मोठ्या हायब्रिडवर उपकरासह ४३ टक्के कर होता, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. विजेच्या गाडीवर तो फक्त ५ टक्के आहे. उत्तर प्रदेशने जुलै २०२४ मध्ये हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला. इतरत्र वाद चालू राहिला. हा सगळा वाद टोयोटा-मारुती एका बाजूला आणि विजेच्या गाड्या बनवणाऱ्या टाटा-महिंद्रा दुसऱ्या बाजूला, असा बड्यांचा आपसातला वाद आहे. टॅक्सी चालवणारा माणूस त्यात कुठेच नाही.

तो कुठे नाही, हे जीएसटीच्या कायद्यात पाहावे. मोटारीवर भरलेला जीएसटी साधारणपणे परत मिळत नाही. मात्र प्रवासी वाहतूक करणाऱ्या किंवा मोटारी पुढे भाड्याने देणाऱ्या व्यावसायिकाने स्वतः पूर्ण दराने कर आकारला, तर त्याला तो वळता करून घेता येतो. समजा गाडीची मूळ किंमत १२ लाख आहे. ४० टक्क्यांप्रमाणे त्यावर ४ लाख ८० हजार कर झाला. ताफ्याची कंपनी ही रक्कम आपल्या कराच्या देण्यातून वजा करू शकते. एकट्या गाडीचा मालक-चालक नोंदणीच्या मर्यादेखाली असतो. ॲपवरच्या त्याच्या भाड्याचा जीएसटी ॲप कंपनी भरते. त्यामुळे त्याच्या गाडीवरचे ४ लाख ८० हजार त्याच्याच डोक्यावर बसतात, आणि बँकेच्या व्याजासकट बसतात. एकच गाडी, एकच रस्ता, एकच प्रवासी. तरी लहान मालकाला ती महाग आणि मोठ्याला स्वस्त. कायद्यात कुठेही जात लिहिलेली नाही, वर्ग लिहिलेला नाही. पण कायद्याचा परिणाम कोणावर कसा होतो, हे पाहिल्याशिवाय कायद्याला समतेचा म्हणता येत नाही.

विजेच्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये 'फेम' योजनेचा दुसरा टप्पा आणला. त्यात १० हजार कोटी रुपये ठेवले. चारचाकीचे अनुदान फक्त व्यावसायिक वापराच्या गाड्यांना दिले, खासगी वापराच्या गाड्यांना दिले नाही. ही अट तत्त्वतः चुकीची होती, असे आमचे म्हणणे नाही. साहेबाच्या बंगल्यात बावीस तास उभी असणारी गाडी आणि दिवसाला दीड-दोनशे किलोमीटर धावणारी टॅक्सी यांत सरकारी पैशाचा पहिला हक्क टॅक्सीचाच आहे. धूर कमी करायचा तर जी गाडी जास्त धावते ती आधी बदलली पाहिजे. ताफ्यांच्या बाजूने जे लोक बोलतात त्यांचा हा मुद्दा आम्ही पूर्णपणे मान्य करतो. पण इथे एक चलाखी होते. 'टॅक्सीला आधी' असे म्हणत म्हणत 'टॅक्सीच्या कंपनीला आधी' असे केले जाते. टॅक्सी चालते ती चालकाच्या घामावर, आणि तिच्या नावाने येणारा पैसा जातो कंपनीच्या खात्यात.

तो पैसा पुढे कुठे जातो, याचे उदाहरण एप्रिल २०२५ मध्ये देशाने पाहिले. दिल्ली परिसरात आणि बंगळूरमध्ये विजेच्या टॅक्सी चालवणाऱ्या ब्लूस्मार्ट कंपनीला जेन्सोल इंजिनिअरिंग ही कंपनी गाड्या पुरवत होती. सेबीने १५ एप्रिल २०२५ रोजी दिलेल्या अंतरिम आदेशात असे म्हटले आहे की, जेन्सोलने इरेडा आणि पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन या दोन सरकारी वित्तसंस्थांकडून ९७७ कोटी ७५ लाखांचे कर्ज घेतले. त्यातले ६६३ कोटी ८९ लाख ६,४०० विजेच्या गाड्या घेण्यासाठी होते. प्रत्यक्षात ४,७०४ गाड्या घेतल्या गेल्या आणि २६२ कोटी १३ लाखांचा हिशेब लागला नाही. गुरुग्राममधील आलिशान घराच्या खरेदीकडे यातला पैसा वळवल्याचेही त्या आदेशात नमूद आहे. अंतिम निर्णय कायद्याने व्हायचा तो होईल. परंतु आदेशानंतर दोन दिवसांच्या आत ब्लूस्मार्टची सेवा बंद पडली आणि हजारो चालक एका झटक्यात रस्त्यावर आले. त्यांच्याजवळ परवाना होता, अनुभव होता, रस्त्यांची माहिती होती. गाडी मात्र नव्हती. ती कंपनीच्या आवारात कुलूपबंद होती.

आता वाचकांनी साधा भागाकार करावा. ६६३ कोटी ८९ लाखांना ६,४०० ने भागले तर दर गाडीमागे १० लाखांवर कर्ज येते. म्हणजे सरकारी संस्था एका टॅक्सीसाठी १० लाखांचे कर्ज द्यायला तयार होत्या. पण कोणाला? एकाच कंपनीला, एकदम हजारो गाड्यांसाठी. याच्या शेजारी आपल्या महाराष्ट्रातील महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाची बीज भांडवल योजना ठेवून पाहा. अनुसूचित जातीच्या तरुणाला धंद्यासाठी मदत करणाऱ्या या योजनेत प्रकल्पाची मर्यादा वर्षानुवर्षे ५ लाखांची राहिली. त्यात ७५ टक्के कर्ज बँकेने द्यायचे, २० टक्के महामंडळाने आणि ५ टक्के अर्जदाराने घालायचे. ५ लाखांत आज विजेची किंवा हायब्रिड टॅक्सी येते का? आणि महामंडळाचे पत्र घेऊन गेलेल्या तरुणाला बँकेत काय ऐकावे लागते, हे ज्यांनी ते पत्र हातात धरले आहे त्यांना विचारा. तारण काय, जामीनदार कोण, सातबारा आहे का? ज्यांच्या बापजाद्यांना जमीन धरू दिली नाही, त्यांच्याकडे सातबारा मागायचा, आणि हजार कोटी मागणाऱ्याला चहा पाजायचा, ही आपल्या पतव्यवस्थेची रीत आहे.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची गोष्ट यापेक्षा वेगळी नाही. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी आठवणींचे गळे काढले. परंतु जुनी गाडी मोडीत काढणाऱ्या छोट्या मालकाने नवी गाडी कोणत्या पैशातून घ्यायची, हे फारसे कोणी विचारले नाही. दिल्लीतही तेच झाले होते. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने बस, टॅक्सी आणि रिक्षा सीएनजीवर नेण्याचा आदेश दिला. हवा सुधारली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण सीएनजीच्या पंपावर रात्र-रात्र रांग लावून दिवसाची कमाई कोणी बुडवली? रिक्षावाल्याने. नवी रिक्षा घेण्यासाठी सावकारी व्याजाने पैसे कोणी काढले? रिक्षावाल्याने. हवा सर्वांची स्वच्छ झाली आणि बिल एकाच वर्गाच्या नावाने फाटले.

छोट्या मालकाला कर्ज द्या म्हटले की, व्यवहारपंडित एक हुकमी उत्तर देतात. छोटा माणूस कार्यक्षम नसतो, एकेका गाडीचा धंदा परवडत नाही, मोठ्या प्रमाणावर केले तरच स्वस्त पडते. या युक्तिवादाला बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वीच उत्तर दिलेले आहे. भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर त्यांनी १९१८ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्या वेळीही जाणकार मंडळी म्हणत होती की, शेतीचे दारिद्र्य तुकड्यांमुळे आहे, तुकडे एकत्र करून मोठी शेते केली की प्रश्न सुटेल. बाबासाहेबांनी दाखवून दिले की, शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्या जमिनीच्या जोडीला भांडवल, अवजारे आणि श्रम किती प्रमाणात आहेत, यावर ते किफायतशीर आहे की नाही हे ठरते. भांडवल नसेल तर मोठे शेतही तोट्यात जाते आणि भांडवल असेल तर लहान शेतही पिकते. दोष लहानपणाचा नव्हता, भांडवलाच्या अभावाचा होता.

हाच सिद्धांत टॅक्सीला लावून पाहा. एका गाडीचा मालक तोट्यात जातो तो लहान आहे म्हणून नव्हे. त्याला कर्ज महाग मिळते, कर परत मिळत नाही, विमा सुटा घ्यावा लागतो, नवी गाडी मिळायला वेळ लागतो, म्हणून तो तोट्यात जातो. या चारही गोष्टी धोरणाने निर्माण केलेल्या आहेत आणि धोरणाने बदलता येतात. 'मोठे तेच कार्यक्षम' हे खरे असते तर हर्ट्झला हजारो गाड्या विकून टाकाव्या लागल्या नसत्या आणि ब्लूस्मार्टची चाके थांबली नसती.

बाबासाहेब एवढ्यावर थांबले नाहीत. १९४३ मध्ये मजूरमंत्री म्हणून बोलताना त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक असली पाहिजे, असे मांडले, आणि तो प्रश्न गरिबीच्या निर्मूलनाशी जोडला. १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मूलभूत उद्योगांची मालकी राज्याकडे असावी, अशी मागणी केली. नवे तंत्र आणि नवी ऊर्जा कोणाच्या मालकीची, हा प्रश्न त्यांच्या लेखी लोकशाहीच्या जीवनमरणाचा होता. खाजगीकरण, उदारीकरण आणि जागतिकीकरणाच्या म्हणजे 'खाउजा'च्या तीस-पस्तीस वर्षांत सरकारने मालकी सोडली, पण तिजोरी सोडली नाही. अनुदान सरकारचे, कर्ज सरकारी संस्थांचे, करसवलत सरकारची आणि नफा मात्र खाजगी. मग त्या सरकारी पैशाला सामाजिक न्यायाची अट लावायला अडचण कोणती?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. सरकारी वित्तसंस्था हायब्रिड वा विजेच्या व्यावसायिक गाड्यांना जे कर्ज देतात, त्यातला निम्मा वाटा स्वतः गाडी चालवणाऱ्यांसाठी आणि चालकांच्या सहकारी संस्थांसाठी राखून ठेवा, आणि त्यात अनुसूचित जाती-जमातींचा लोकसंख्येच्या प्रमाणातला हिस्सा कायद्याने बांधून द्या. मागासवर्गीय महामंडळांच्या योजनांची मर्यादा बाजारातील टॅक्सीच्या प्रत्यक्ष किमतीशी जोडा. पहिली आणि एकमेव टॅक्सी घेणाऱ्याला त्या गाडीवरचा जीएसटी परत करा. कंपनीला जे मिळते ते चालकाला मिळाले तर आकाश कोसळणार नाही. बुडालेल्या ताफ्यांच्या ज्या गाड्या कर्जवसुलीसाठी विकल्या जातील, त्या बॅटरीची तपासणी करून आधी त्याच गाड्या चालवणाऱ्या चालकांना हप्त्यावर द्या. आणि ज्या गाड्यांना सरकारी अनुदान आहे त्यांच्या वाटपात एक गाडी मागणाऱ्याचा क्रम हजार गाड्या मागणाऱ्याच्या मागे जाणार नाही, याची हमी घ्या.

चालकांनीही काही गोष्टी ओळखल्या पाहिजेत. एकेकट्याने बँकेच्या दारात उभे राहून हा प्रश्न सुटणार नाही. मोठ्या कंपनीची ताकद एकत्र खरेदीत आहे, तर पन्नास-शंभर चालकांची सहकारी संस्थाही एकत्र खरेदी करू शकते, एकत्र विमा घेऊ शकते, एकत्र चार्जिंगची जागा मागू शकते. जयंतीच्या वर्गणीसाठी ज्या वस्तीत आठ दिवसांत लाख रुपये जमतात, त्या वस्तीत चालकांची पतसंस्था उभी राहू शकत नाही, असे आम्ही मानत नाही. बाबासाहेबांनी 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' असे सांगितले, त्यातला संघटनेचा धडा केवळ मोर्च्यापुरता नाही. तो धंद्यालाही लागू आहे.

हायब्रिड येतील, विजेच्या येतील, उद्या आणखी कसल्या गाड्या येतील. प्रत्येक वेळी टंचाई होईल, प्रत्येक वेळी रांग लागेल आणि प्रत्येक वेळी कोणीतरी पर्यावरणाचे नाव घेऊन रांग मोडून पुढे जाईल. कुळांच्या चळवळीने या देशाला 'कसेल त्याची जमीन' हा न्याय शिकवला. शहरातल्या कष्टकऱ्याची जमीन म्हणजे आज त्याच्या हातातले साधन आहे. ते साधन दुसऱ्याच्या आवारात कुलूपबंद असेल तर त्याचे स्वातंत्र्यही तिथेच कुलूपबंद आहे. येत्या अर्थसंकल्पाच्या वेळी आपले आमदार-खासदार मते मागायला नाही तरी सत्कार घ्यायला वस्तीत येतीलच. त्यांना हार घालण्याआधी एवढेच विचारा की, हजार गाड्यांच्या कंपनीला जे कर्ज दहा लाखांचे मिळते, ते आमच्या पोराला पाच लाखांवर का अडते? उत्तर मिळेपर्यंत हार हातातच ठेवा.